एका जुन्या लोगन डिझेलचं दुखणं: खानापूर तालुक्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातलं पाच माणसांचं कुटुंब. सर हायस्कुलात शिक्षक, बाई नोकरीसाठी रोज बेळगावला जाऊन-येऊन. घरात दोन मुलं, आणि महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागणारी सरांची आई. पाहुणे कोल्हापुरात आणि गोव्यात. म्हणजे हायवे, चोर्ला घाट आणि गावाकडचा खड्ड्यांचा रस्ता असा तिन्ही ठिकाणी गाडीला कस. खर्चाची मर्यादा मात्र पक्की होती: गाडी लाखाच्या आत, कर्ज नाही.

या पैशांत मिळणाऱ्या बहुतेक गाड्या एक तर फार लहान होत्या, नाही तर टॅक्सीत झिजलेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये कोल्हापूरची, एमएच-०९ पासिंगची, मे २०१० ची महिंद्रा-रेनॉ लोगन १.५ डीसीआय ९५,००० रुपयांना मिळाली. मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर. सर्व्हिस बुक पहिल्या ६० हजारांपर्यंतच भरलेलं.

गाडी म्हणून निवड चुकीची नव्हती. लोगन २००७ मध्ये महिंद्रा आणि रेनॉ यांच्या भागीदारीतून आली आणि नाशिकला बनत होती. २०१० मध्ये भागीदारी सुटली, २०११ पासून हीच गाडी व्हेरिटो नावाने विकली गेली. त्यामुळे व्हेरिटोचे बरेचसे पार्ट लोगनला चालतात आणि अजून मिळतात. मागे ५१० लिटरची डिकी, मागच्या सीटवर तीन मोठी माणसं नीट बसतात. इंजिन रेनॉचं के९के, आठ व्हॉल्व्हचं, ६५ पीएस. डस्टर, लॉजी, निसान सनी यांनाही याच कुळातलं इंजिन आहे. पण कूळ एक असलं तरी पंप आणि इंजेक्टर पार्ट नंबर जुळल्याशिवाय एकाचे दुसऱ्याला घालता येत नाहीत. जुन्या बाजारात ‘डस्टरचा चालतोय की’ असं बिनधास्त सांगितलं जातं. तिथं पैसे देण्याआधी नंबर वाचावा.

अडचण

घेतल्यावर आठवड्याभरात गावातल्या गॅरेजमध्ये सर्व्हिस झाली: ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि ४५० रुपयांचा कंपनीबाहेरचा डिझेल फिल्टर. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागू लागला. आधी दोन सेल्फ, मग चार, डिसेंबरात तर पंधरा-वीस सेकंद सेल्फ मारावा लागे. एकदा सुरू झाली की दिवसभर ठीक.

जानेवारीत दुसरी तक्रार जोडली गेली. गोव्याहून चोर्ला घाट चढून आल्यावर कणकुंबीला चहाला गाडी बंद केली, आणि दहा मिनिटांनी ती सुरूच होईना. अर्धा तास थांबल्यावर सुरू झाली. पुढच्या फेरीला घाटातच इंजेक्शनचा दिवा लागला आणि गाडी ओढेना. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर दिवा गेला.

सकाळी थंड असताना उशीर आणि चालून गरम झाल्यावर सुरूच न होणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. ती एकच धरली गेली आणि पुढचा गोंधळ तिथून सुरू झाला. आधी बॅटरी बदलली, ५,४०० रुपये. मग सेल्फ उघडून कार्बन आणि बुश, २,६००. मग चारही ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे), ३,२००. बॅटरी खरोखरच जुनी होती, त्यामुळे तो खर्च अगदी वाया गेला असं नाही. पण ग्लो प्लगचं निदान पटण्यासारखं नव्हतं. बेळगाव-खानापूरच्या थंडीत धडधाकट के९के ग्लो प्लग कमजोर असले तरी थोडं खोकून सुरू होतं, वीस सेकंद अडून बसत नाही. फिल्टरसह एकूण ११,६५० रुपये गेले आणि दुखणं होतं तिथंच राहिलं.

शेवटी बेळगावच्या एका डिझेल मिस्त्रीने निकाल दिला: “सर, पंप गेलाय. पंप बदलायचा म्हटल्यावर चारी इंजेक्टर पण घालूया, नाही तर परत इथंच यायला लागतंय.” अंदाज ७५,००० रुपये. म्हणजे गाडीच्या किमतीच्या जवळपास.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच ७५ हजारांचा. पंप आणि इंजेक्टर नवे किंवा रिकंडिशन घालून मोकळं व्हायचं. पण मिस्त्रीने गाडीवर एकही मोजमाप केलं नव्हतं. स्कॅनर लावला, रेल प्रेशरचा, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतल्या दाबाचा, कोड दिसला आणि त्यावरून पंप. रेलमधला दाब कमी पडण्याची निदान चार कारणं असतात: पंपाला डिझेल नीट पोचत नाही, पंप दाब करत नाही, इंजेक्टर दाब गळवतात, किंवा सेन्सर खोटं सांगतो. कोड यांतलं कुठलं ते सांगत नाही.

दुसरा पर्याय जुन्या व्हेरिटोचं आख्खं इंजिन. टॅक्सीतून निघालेल्या व्हेरिटो मोडीत येतात, इंजिन ३०-३५ हजारांत मिळतं. त्यात धोका असा की के९केचा कमकुवत भाग बाहेरून दिसत नाही. ऑइल बदलायला उशीर होत गेलेल्या इंजिनात कनेक्टिंग रॉडचे मोठ्या टोकाचे बेअरिंग झिजतात आणि एक दिवस आवाज करून क्रँक घेऊन जातात. मोडीतल्या इंजिनाचा ऑइलचा इतिहास कोणीच सांगू शकत नाही. एका अनोळखी इंजिनाच्या जागी दुसरं अनोळखी इंजिन येणार, शिवाय चढवण्या-उतरवण्याची मजुरी.

तिसरा पर्याय आहे तशी विकणं. दुरुस्तीसकट कोण घेणार? ३५ ते ४० हजारांची बोली आली. नातेवाइकांचा कल याच बाजूला होता. फ्रेंच गाडी म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती, असं इकडं सर्रास ऐकू येतं.

चौथा पर्याय पायरी पायरीने तपासणी. यात सुरुवातीला फारसे पैसे लागत नाहीत, लागतो तो दोन दिवस गाडी सोडण्याइतका धीर आणि तसं काम करायला तयार असलेला माणूस. बेळगावातल्या उद्यमबागेच्या परिसरातला, फक्त कॉमन रेलचं (अशाच डिझेल इंजेक्शनचं) काम करणारा एक मिस्त्री तयार झाला. अट एक: प्रत्येक पायरीनंतर पुढं जायचं की थांबायचं ते मालकाने ठरवायचं.

निर्णयाचा पहिला टप्पा: लोखंडाचा चुरा आहे का?

सगळ्यात आधी बघायला हवं होतं ते हेच, आणि याला जवळपास काहीच खर्च नाही. या गाडीतली इंजेक्शन सिस्टीम डेल्फीची. पंपाला वंगण फक्त डिझेलचंच. टाकी कोरडी पडेपर्यंत गाडी चालवली किंवा डिझेलमध्ये पाणी राहिलं, तर पंपाचे आतले भाग एकमेकांवर घासतात आणि बारीक लोखंडी चुरा सुटतो. तो रेलमधून इंजेक्टरमध्ये जातो आणि रिटर्नमधून टाकीतही परत येतो. चुरा सापडला तर नुसता पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, हाय प्रेशर पाइप, चारही इंजेक्टर, फिल्टर आणि टाकीची सफाई, सगळंच आलं. त्या खर्चात ही गाडी वाचवण्यात अर्थ उरत नाही.

तपासणी अशी झाली. फिल्टर काढून त्यातलं डिझेल पांढऱ्या डब्यात ओतलं, डबा उन्हात धरला, तळाला चुंबक फिरवला. पंपावरचा इनलेट मीटरिंग व्हॉल्व्ह (आत किती डिझेल सोडायचं ते ठरवणारा) काढून त्याची बारीक जाळी भिंगाखाली पाहिली. डब्यात पाण्याचे थेंब आणि काळपट गाळ होता, चमकणारं काही नाही. जाळी स्वच्छ. म्हणजे पंप वाचलेला असण्याची शक्यता चांगली, पुढं जायला हरकत नाही. चुरा दिसला असता तर त्याच दिवशी ३५ हजारांची बोली घ्यायची, असं आधीच ठरलं होतं.

सकाळचं दुखणं: हवा

या गाडीच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. हाय प्रेशर पंपाच्याच पोटात एक छोटा ट्रान्सफर पंप आहे, तो टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीखाली असते. कुठं फट असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. खाली डाग नाही म्हणून लाइन ठीक, हा हिशेब इथं लागू पडत नाही. बोनेटखाली हाताने दाबायचा रबरी फुगा दिलाय तो याचसाठी.

पहिली चाचणी फुकटातली. रात्रभर उभ्या गाडीचा फुगा सकाळी सेल्फ न मारता कडक होईपर्यंत दाबला. गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली. रात्रीत डिझेल मागं सरकतंय, एवढं इथंच स्पष्ट झालं.

दुसरी चाचणी जागा शोधायची. डिझेलला चालणारी पारदर्शक नळी, वीत-दीड वीत, आधी टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये घातली. जोडताना शिरलेले बुडबुडे मिनिटभरात निघून गेले, मग धार स्वच्छ. तीच नळी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये घातल्यावर बुडबुड्यांची माळ थांबेना. म्हणजे दोष फिल्टरवरच. क्विक कनेक्टरच्या आतली ओ-रिंग चिरलेली निघाली आणि क्लिपचा एक दात तुटलेला. नोव्हेंबरच्या सर्व्हिसमध्ये कनेक्टरची दोन्ही बटणं न दाबता तो स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढला गेला असणार, त्या जागी ओरखडा होता. शिवाय स्वस्त फिल्टरची नळी किंचित बारीक होती, त्यामुळे ओ-रिंग नीट आवळत नव्हती.

चांगला फिल्टर, नवा कनेक्टर, नवा फुगा आणि चिरलेल्या रिटर्न नळ्या मिळून ३,४०० रुपये. नवा फिल्टर कोरडा बसवला नाही. फुगा दाबून आधी भरून घेतला. पंपाने कोरडं फिरू नये यासाठी ही काळजी. सकाळचं दुखणं इथं संपलं.

गरम झाल्यावरचं दुखणं: इंजेक्टर

घाटातली तक्रार मात्र राहिली होतीच. गरम इंजिनावर सेल्फ मारताना स्कॅनरवर रेल प्रेशर पाहिला. सुरू व्हायला दीडशे-दोनशे बारच्या आसपास दाब लागतो, तो ८०-९० च्या वर जात नव्हता. थंड असताना मात्र पुरेसा उठत होता. गरम झालेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्नकडे जास्त पळतं, म्हणून फक्त गरम असताना ही रड.

मग लीक-ऑफ टेस्ट, म्हणजे कुठला इंजेक्टर रिटर्नला किती डिझेल परत सोडतो ते मोजणं. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या लांबीच्या नळ्या लावून सारख्या बाटल्यांत सोडल्या, गरम इंजिन पाच मिनिटं रेसवर न घेता चालू ठेवलं. तीन बाटल्या जवळपास सारख्या भरल्या. चौथीत त्यांच्या अडीचपट. टेस्टचे ८०० रुपये.

इथं एक घोळ होता होता राहिला. रेनॉ सिलिंडरचे नंबर फ्लायव्हीलच्या बाजूने मोजते. आपल्याकडे मिस्त्री सवयीने टायमिंग बेल्टच्या बाजूने मोजतात. बाटलीवर ‘३ नंबर’ लिहिलेलं. इंजेक्टर काढणाऱ्या पोराने पलीकडून तिसरा धरला, म्हणजे कंपनीच्या हिशेबात दुसरा, अगदी धडका. मुख्य मिस्त्रीने रंगाचा ठिपका लावून ठेवला होता म्हणून वाचलं. नंबर सांगण्यापेक्षा खूण करणं बरं.

चारही इंजेक्टर बेंचवर तपासले. तीन मर्यादेत, एकाचा व्हॉल्व्ह आणि नोझल बदलला. एकूण ९,५०० रुपये. प्रत्येक इंजेक्टरखाली नवा तांब्याचा वॉशर आणि बसायची जागा ब्रशने साफ, नाही तर तिथून कंप्रेशन फुसफुसत बाहेर येतं आणि डांबरासारखा थर साचून पुढच्या वेळी इंजेक्टर निघता निघत नाही. दुरुस्त झालेल्या इंजेक्टरचा सोळा अक्षरांचा सी२आय कोड (त्या इंजेक्टरची नेमकी मापं सांगणारा) नव्याने मिळतो, तो स्कॅनरने ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरात, भरावा लागतो. हे काम बरीच गॅरेजं गाळतात. कोड न भरता गाडी सुरू होते, पण खडखडते आणि धूर सोडते, आणि मग दोष इंजेक्टरवाल्याच्या माथी जातो.

निर्णयाचा दुसरा टप्पा: गाडी चालतेय, मग बेल्टला हात लावायचा का?

सरांचं म्हणणं होतं, आता पुरे. हिशेबाने पाहिलं तर १३,७०० रुपयांत मूळ तक्रार मिटली होती. पण टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नव्हती. के९केमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात, हेड उतरवावं लागतं. त्याच बेल्टवर वॉटर पंप फिरतो आणि हाय प्रेशर पंपही. शिवाय या इंजिनाची एक खोड ठाऊक असलेली बरी: बाहेरचा, अल्टरनेटर-एसीचा बेल्ट उसवला की त्याचे दोरे क्रँक पुलीमागून टायमिंग बेल्टच्या कव्हरमध्ये ओढले जातात आणि चांगला टायमिंग बेल्ट दात चुकतो. या गाडीचा बाहेरचा बेल्ट कडेने उसवलेलाच होता.

बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, बाहेरचा बेल्ट, नवा क्रँक पुली बोल्ट, कूलंट आणि मजुरी मिळून १४,३०० रुपये. क्रँकचा बोल्ट आवळताना ताणला जातो, म्हणून तो परत वापरायचा नसतो. टायमिंग खडूच्या खुणांवर न बसवता कॅम आणि क्रँकला पिन लावून बसवलं.

गाडी खाली घेतलीच होती म्हणून आणखी दोन गोष्टी पाहिल्या. डाव्या बाजूच्या ड्राइव्ह शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा बूट. इतर अनेक गाड्यांत या बुटात ग्रीस असतं, इथं तो गिअर ऑइल अडवतो. बूट फाटला तर गिअरबॉक्स हळूहळू कोरडा पडतो आणि आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो. इथला बूट ओला होता. बूट आणि नवं गिअर ऑइल, ३,२०० रुपये. सस्पेन्शनचे पुढचे दोन्ही लोअर आर्म आणि लिंक रॉड ७,८०० रुपये. खानापूर-जांबोटीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीत हा खर्च गृहीतच धरावा.

सगळं मिळून ३९,००० रुपये. आधीचे ११,६५० धरले तर ५०,६५०.

कागदपत्रांचा पेच

दुरुस्ती चालू असताना दुसरा प्रश्न तसाच लोंबकळत होता. गाडी अजून कोल्हापूरच्या मूळ मालकाच्याच नावावर. सीमाभागात याला सोपी वाट म्हणून सांगितलं जातं: कोल्हापूरच्या किंवा कागलच्या पाहुण्याच्या नावावर करून घ्या, एमएच नंबरच राहू द्या, कर्नाटकाचा टॅक्स वाचतो. सरांच्या मेव्हण्यांची तयारीही होती.

ही वाट सोडली, त्याला कारणं दोन. एक म्हणजे अपघात झाला तर विमा आणि आरसी ज्याच्या नावावर, कोर्टाची नोटीस त्याच्या घरी. दुसरं म्हणजे गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे तिथला नंबर घ्यावाच लागतो. रोज बेळगावला जाणारी गाडी पाहुणी म्हणून किती दिवस खपणार?

मग सरळ मार्ग: मूळ मालकाकडून नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कोल्हापूर आरटीओची फॉर्म २८ वर एनओसी, आणि बेळगावात फॉर्म २७ भरून केए-२२ नंबर. राज्याबाहेरच्या व्यवहारात विकणाऱ्याने ४५ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं, दोन्ही मुदती टळल्या होत्या, म्हणून दंड भरावा लागला. आरसीवर बँकेचा बोजा मात्र अजून दिसत होता. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कधी दिलेला नव्हता. मूळ मालकाला बँकेत पाठवून तो मिळेपर्यंत महिना गेला. पैसे हातात पडल्यावर विकणारा बँकेच्या पायऱ्या चढायला फारसा उत्सुक नसतो, म्हणून बोजा उतरल्याशिवाय शेवटचे दहा-पंधरा हजार हातचे राखावेत. कर्नाटकाचा टॅक्स मूळ किमतीवर आणि गाडीच्या वयावर ठरतो. त्यासाठी २०१० च्या खरेदी पावतीची प्रत मागून घेतली होती, ती कामाला आली.

निष्पत्ती

मार्च २०२४ पासून गाडी रोज धावतेय. चोर्ला घाट, कणकुंबीचा चहा, परत सेल्फ, कसलीच तक्रार नाही. अ‍ॅव्हरेज गाव-हायवे मिळून १८-१९. ऑइल दर ७,५०० किलोमीटरला, फिल्टरसह साडेचार लिटरच्या आसपास. ऑइलच्या चेंबरचा नट आठ मिलिमीटरच्या चौकोनी चावीचा आहे, ती चावी सरांनी विकत घेऊन गाडीतच ठेवली, कारण गावात तो पाइप पान्याने घासला जातो आणि मग वेल्डिंग करून काढावा लागतो.

मे २०२५ मध्ये आरसीची १५ वर्षं संपली. दिल्लीतला जुन्या डिझेलचा दहा वर्षांचा नियम इकडं लागू नाही. मुदतीआधी ६० दिवसांच्या आत नूतनीकरणाचा फॉर्म २५, ५,००० रुपये फी, तपासणी, आणि पाच वर्षांची मुदत वाढून मिळाली. तपासणीत एक हेडलाइट आणि हँडब्रेक दुरुस्त करून आणायला सांगितलं, दुसऱ्या फेरीत काम झालं. नवा नंबर आधीच घेतल्यामुळे हे बेळगावातच उरकलं.

वेगळं काय करता आलं असतं

‘तक्रार कधीपासून?’ या प्रश्नाचं उत्तर ‘सर्व्हिसनंतर’ असं होतं. ते पहिल्याच गॅरेजात विचारलं गेलं असतं तर फिल्टरपाशी हात आधी गेला असता. फुगा दाबून बघायला खर्च नव्हता. ग्लो प्लग आणि सेल्फचे ५,८०० रुपये वाचले असते.

घेतानाची तपासणीही तोकडी होती. इंजिन थंड असताना एकदा आणि वीस किलोमीटर चालवून गरम झाल्यावर एकदा, अशा दोन्ही वेळा सेल्फ मारून पाहायला हवा होता. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर तेवढ्यावरून शंका घ्यावी. बेल्टची नोंद नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही असं धरून किमतीतून पंधरा हजार उतरवून मागायचे. लोअर आर्मचा आवाज तर पहिल्या खड्ड्यात ऐकू येत होता.

लोअर आर्म मात्र थोडे थांबवता आले असते. हातात पैसे कमी असतील तर क्रम असा लागतो: चुरा, हवा, इंजेक्टर, बेल्ट, डावा बूट, आणि मग बाकी सगळं. बूट आणि बेल्ट न दिसणारे म्हणून मागं पडतात, आर्म आवाज करतात म्हणून पुढं येतात.

मोठ्या टोकाच्या बेअरिंगचा प्रश्न मोकळाच ठेवलाय. चेंबर उतरवून बेअरिंग बदलायला अवाढव्य खर्च नाही, पण १५ वर्षांच्या गाडीत आवाज नसताना तो करावा का, यावर मिस्त्री आणि सर यांचं अजून जमलेलं नाही. सध्या ठरलंय ते एवढंच: प्रत्येक सर्व्हिसला जुना ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडून बघायच्या, डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडायचं, काटा रिझर्व्हवर जाऊ द्यायचा नाही. डिझेल फिल्टरमध्ये चमक दिसली तर दुरुस्ती नाही, गाडी सरळ मोडीत.